मामांच्या खोक्यातल्या १३८ कॅसेट्स

प्रश्न : माझे मामा १९८१ मध्ये नोकरीसाठी अमेरिकेत गेले आणि तिथलेच झाले. ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्या वर्षी मामा गेले. घर आवरताना मामींनी एक मोठं खोकं माझ्या हवाली केलं. त्यात ९० मिनिटांच्या १३८ कॅसेट्स आहेत, सगळ्या या बँडच्या मैफिलींच्या. बहुतेक त्यांनी इतर चाहत्यांशी टपालाने अदलाबदल करून मिळवल्या होत्या, दहा-बारा त्यांनी स्वतः माइक लावून रेकॉर्ड केल्या आहेत. हे सगळं डिजिटल करून सर्वांसाठी खुलं करावं असं मला वाटतं. धाकटा भाऊ म्हणतो, ही चोरी आहे, अडकशील. एका गृहस्थांनी अख्खं खोकं विकत मागितलं आहे. एका कॅसेटवर मामांच्या अमेरिकन मित्राने लिहिलंय, ‘फक्त तुझ्यासाठी, पुढे देऊ नकोस.’ आणि मामांनी रेकॉर्ड केलेल्या एका कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये ते कुणाशी तरी मराठीत बोलताना ऐकू येतात. तो भाग कापायचा का? खरखर साफ करायची का? आणि काम झाल्यावर कॅसेट्सचं काय करू?

उत्तर :

पुढे वाचण्याआधी ते खोकं जवळ ओढा. कॅसेटच्या ज्या कडेला टेप उघडी दिसते, तिच्या विरुद्ध कडेला दोन टोकांना दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे असतात. ते शाबूत असले तर कॅसेट डेकवर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाताच मामांच्या रेकॉर्डिंगवर दुसरंच काही उमटेल. पेनाच्या टोकाने ते मोडून टाका, एकूण एक कॅसेटचे. तासाभराचं काम आहे. ते उरकून या, मग बोलू.

आधी तुमच्या भावाची शंका. तो उगाच घाबरवत नाही. कलाकारांच्या संमतीशिवाय त्यांचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं, त्याच्या प्रती काढणं, त्या वाटणं याविरुद्ध अमेरिकेत १९९४ पासून केंद्रीय कायद्यात स्वतंत्र कलम आहे. खोक्यात दुसऱ्या एखाद्या बँडच्या कॅसेट्स असत्या तर मी तुम्हाला भावाचंच ऐका म्हटलं असतं. पण या कलमाचं मर्म ‘संमती’ या शब्दात आहे, आणि ग्रेटफुल डेडने संमती दिली होती. उघडपणे, सगळ्या टेपर मंडळींना, म्हणजे मैफिली रेकॉर्ड करणाऱ्या चाहत्यांना, एका अटीवर.

ती संमती कशी आली हे माहीत असलं तर पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील, म्हणून थोडं मागे जातो. हा बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत जमला आणि ९ ऑगस्ट १९९५ रोजी बँडचे गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया गेले तेव्हा थांबला. या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० मैफिली केल्या. कालचा क्रम आज वाजवायचा नाही अशी त्यांची रीत. तेच गाणं एका रात्री सात मिनिटांत संपायचं आणि दुसऱ्या रात्री वीस मिनिटं कुठल्या कुठे भटकून यायचं. आपल्याकडे एकाच गवयाचा यमन दहा मैफिलींतून ऐकणारे रसिक असतात ना, तीच ओढ. स्टुडिओतल्या तबकड्यांत ते सापडत नव्हतं, म्हणून लोक माइक घेऊन जाऊ लागले. सुरुवातीला लपवूनछपवून. १९७१ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये टेपांची फुकट अदलाबदल करणारं मंडळच उभं राहिलं. नियम साधा: टेपच्या बदल्यात टेप. तुमच्याकडे द्यायला काही नसेल, नवखे असाल, तर कोऱ्या कॅसेट्स आणि परतीची टपाल तिकिटं पाठवा, जुना टेपर तुम्हाला प्रत काढून देईल. पैसा मध्ये येता कामा नये. मामांच्या खोक्यातल्या बहुतेक कॅसेट्स अशाच आल्या असणार. कव्हरच्या आत घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतील तर नीट बघा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माइकच्या उंच दांड्यांचं इतकं रान माजलं की ध्वनी सांभाळणाऱ्या माणसाला त्याच्या टेबलावरून मंच दिसेना. यावर बँडने काय करावं? ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीतल्या मैफिलींपासून, त्यांनी साउंडबोर्डच्या, म्हणजे ध्वनी सांभाळायच्या त्या टेबलाच्या, मागे टेपरांसाठी वेगळी जागा आखून दिली आणि तिची वेगळी तिकिटं काढली. गार्सियांची भूमिका अशी होती की आमचं वाजवून झालं की पुढे ते ऐकणाऱ्यांचं. मामांनी १९८४ नंतर रेकॉर्ड केलं असेल तर ते बहुधा त्या जागेत बसले असतील, रीतसर तिकीट काढून. त्या काळची जपून ठेवलेली तिकिटं निघतात का ते मामींना जरूर विचारा.

अट मात्र तेव्हाही होती, आजही आहे: यातून पैसा करायचा नाही.

म्हणून त्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हणा. ते पैसे कशासाठी देतायत हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित ते मनापासून चाहते असतील. पण खोकं विकलं गेलं की पुढे त्याच्या तबकड्या काढून विकल्या जाणार नाहीत याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि एक रुपया घेतला की भावाला दाखवण्याजोगी ती संमतीही हातातून निसटते. शिवाय पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस सहसा फुकट वाटत नाही. या बँडच्याच इतिहासात हे घडून गेलंय. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी सत्तरच्या दशकात साउंडबोर्डवरून अप्रतिम रीळं भरली होती. १९८६ मध्ये भाडं थकलं म्हणून त्यांच्या गोदामातलं सगळं सामान लिलावात गेलं, रीळं वेगवेगळ्या लोकांनी उचलली आणि काही वर्षानुवर्षं दमट जागी पडून राहिली. त्यातल्या काही रिळांच्या प्रती चाहत्यांच्या हाती लागल्या आणि टेपरांच्या साखळीतून जगभर गेल्या. ८ मे १९७७ ची, न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली मैफील त्यातलीच. मे महिना असून त्या रात्री बाहेर बर्फ पडत होतं. बँडकडून ही मैफील अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी. त्याआधीच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या यादीत तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिलं होतं. तोवर ती ज्यांनी ज्यांनी ऐकली, ती एकमेकांना काढून दिलेल्या प्रतींवरच.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून थोडं वाईट वाटेल. १३८ पैकी बहुतेक मैफिली आज इंटरनेट अर्काइव्हवर आधीच आहेत, आणि पुष्कळदा तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ. सॅन फ्रान्सिस्कोच्या या संस्थेने २००२ मध्ये टेपरांच्या सोबतीने लाइव्ह म्युझिक अर्काइव्ह सुरू केलं. संमती देणाऱ्या बँडचीच रेकॉर्डिंग्ज तिथे घेतात, आणि एकट्या ग्रेटफुल डेडची दहा हजारांहून जास्त आहेत. कारण उघड आहे. अदलाबदलीत आलेली कॅसेट ही प्रतीची प्रत असते. मूळ टेपवरून काढलेली पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी, आणि दर पिढीला खरखर वाढते, वरचे सूर बोथट होतात. मामांकडे आलेली प्रत चौथ्या-पाचव्या पिढीची असेल आणि मूळ टेप बाळगणाऱ्या माणसाने स्वतःच ती डिजिटल करून ठेवली असेल, तर तुमची मेहनत पुनरुक्ती ठरेल.

जगात दुसरीकडे कुठेही नसतील अशा कॅसेट्स म्हणजे मामांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या दहा-बारा. त्या मूळ टेप आहेत, पहिल्या पिढीच्याही आधीच्या. त्याच मैफिलीला शंभर माइक लागले असतील, पण मामा बसले होते तिथून ऐकू आलेली मैफील फक्त या कॅसेटवर आहे. सगळं काम इथून सुरू करा. ९० मिनिटांच्या १३८ कॅसेट्स म्हणजे नुसतं एकदा वाजवायला २०७ तास. उत्साहाच्या भरात पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केलीत तर चाळिसाव्या कॅसेटला दम निघून जाईल आणि मामांच्या कॅसेट्स खोक्याच्या तळाशीच राहतील.

त्यातही पहिलं काम डेकवर करायचं नाही. प्रत्येक कॅसेटच्या लेबलाचा, कव्हरच्या दोन्ही बाजूंचा, आतल्या चिठ्ठीचा फोटो काढा. खोक्यात ज्या क्रमाने आहेत त्या क्रमानेच, आणि प्रत्येकीला पेन्सिलीने एक क्रमांक द्या. कॅसेटवरचं संगीत पुष्कळ ठिकाणी सापडेल, मामांचं अक्षर कुठेही सापडणार नाही. ‘एसबीडी’ लिहिलंय का, म्हणजे ती साउंडबोर्डच्या तारेवरून घेतलेली आहे. ‘एयूडी’ लिहिलं असेल तर श्रोत्यांतल्या माइकवरून. पुढे ‘सेकंड जेन’ किंवा नुसता २ चा आकडा असेल तर ती पिढी. डेकचं नाव, माइकचं नाव, कुणाकडून आली त्याची आद्याक्षरं, सगळं टिपून ठेवा. टेपर मंडळी याला त्या टेपची वंशावळ मानतात. ती नसली तर चांगली टेपही अनाथ होते, कारण दोन रेकॉर्डिंग्जपैकी मुळाच्या जवळची कोणती हे ओळखायला दुसरा उपाय नसतो.

लेबलांवरच्या तारखांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हाताने उतरवताना ३ चा ८ होतो. सुदैवाने या बँडने रोज क्रम बदलला, त्यामुळे गाण्यांची यादी हाच मैफिलीचा अंगठ्याचा ठसा. चाहत्यांनी १९८७ पासून डेडबेस नावाने या याद्या छापून काढल्या आणि आता त्या सहज पडताळता येतात. कॅसेटवरचा क्रम लिहून काढा आणि जुळवा.

आता डेक. याबाबतीत काटकसर करू नका, उसना आणा पण चांगला आणा. यूएसबीची तार असलेले जे स्वस्त खेळण्यासारखे कॅसेट प्लेअर मिळतात ते या कामाचे नाहीत, त्यांचा वेगच स्थिर नसतो. तीन हेडचा (हेड म्हणजे टेप वाचणारा-भरणारा भाग), नीट दुरुस्त केलेला जुना डेक उत्तम. दर काही कॅसेट्सनंतर हेड आणि रबरी रोलर साफ करा. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. कॅसेट कित्येक वर्षं हलली नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. टेपच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा एक इवलासा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळून तो गळून पडतो आणि मग आवाज येतो-जातो. अशी कॅसेट खराब झाली असं समजून टाकू नका. स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या चांगल्या कवचात ती टेप हलवता येते. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला, वेगळ्या पिशवीत, आणि डेकमध्ये अजिबात घालायची नाही. टेप ओव्हनमध्ये ‘भाजण्याचे’ सल्ले तुमच्या वाचनात येतील. तो उपाय ठरावीक काळातल्या काही रिळांसाठी आहे, त्यांच्यावरचा लेप ओलावा धरतो म्हणून. कॅसेट्सवर हा प्रयोग करू नका.

बहुतेक लोक जी गोष्ट गाळतात तिच्यावर मात्र वेळ घाला: हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ. प्रत्येक कॅसेट वेगळ्या माणसाच्या वेगळ्या डेकवर भरलेली आहे. तिथलं हेड केसभर तिरकं असेल तर तुमच्या सरळ हेडवर तिचे वरचे सूर मंद होतात आणि वाटतं, टेपच वाईट आहे. डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो करा, झांजांचा भाग लावा आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी हळू फिरवत जिथे झांजा सर्वांत लख्ख वाजतील तिथे थांबा. दर कॅसेटला पुन्हा. कंटाळवाणं वाटेल, पण कानावर ओढलेली चादर बाजूला झाल्यासारखा फरक पडतो. हे काम स्वतः करायची भीती वाटली तर मामांच्या दहा-बारा कॅसेट्स तरी जाणकाराकडून करून घ्या.

डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण लेबल सांगेल तसंच. लेबल गप्प असेल तर बंद. मूळ भरताना डॉल्बी होतं की नाही ही शंका असताना ते लावलं तर वरचे सूर कायमचे दबतात. न लावता उतरवलेलं पुढे कधीही उलगडता येतं.

संगणकावर उतरवताना २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ ठेवा, आवाजाची पातळी शिखरापासून थोडी खाली. एक ९० मिनिटांची कॅसेट साधारण ३ जीबी होईल, म्हणजे सगळं खोकं ४३० जीबीच्या आसपास, आणि फ्लॅक या फाइल-प्रकारात बांधलं की त्याहून बरंच कमी. फ्लॅकमध्ये आकार घटतो पण आवाजातला एक कणही जात नाही. एमपी३ मध्ये जातो आणि परत येत नाही, म्हणून एमपी३ करून ती प्रत पुढे वाटणं टेपर मंडळींना मुळीच खपत नाही. फायली झाल्या की प्रत्येकीचा एमडी५ ठसा (फाइलवरून निघणारी अक्षर-आकड्यांची खूण) काढून मजकूर फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी कुणाकडे प्रत पोचली तर ती वाटेत बिघडली का हे त्यावरून क्षणात कळतं.

खरखरीबद्दल तुम्ही विचारलंत. इथे मला माझी चूक सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या वडिलांच्या बावीस कॅसेट्स मी उतरवून दिल्या. जुन्या मैफिली होत्या. आवाज काढून टाकणारं सॉफ्टवेअर तेव्हा नवीनच हातात आलं होतं आणि खरखर नाहीशी होताना बघून मला फार आनंद झाला. साफ केलेली प्रत ठेवली, मूळ पुसली, आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून कॅसेट्स टाकून द्यायला मीच सांगितलं. वर्षभराने चांगल्या हेडफोनवर ऐकलं तेव्हा कळलं की टाळ्यांचा पाण्यासारखा बुळबुळीत आवाज होतोय आणि सतारीच्या तारेची शेवटची आस खरखरीबरोबर पुसली गेलीय. मित्राने कधी बोलून दाखवलं नाही. पण ते परत आणता येणार नाही, आणि ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

तेव्हा कच्ची फाइल आहे तशी ठेवा, तिला हात लावू नका. तिच्या प्रतीवर एकच दुरुस्ती मी करू देईन, वेगाची. बॅटरीवर चालणाऱ्या डेकची बॅटरी उतरत गेली की टेप हळू फिरत भरली जाते आणि नंतर ऐकताना गाणं चढ्या पट्टीत पळतं. ते पकडायची एक सुंदर युक्ती आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आणि साउंडबोर्डच्या टेपांत तिची बारीक घूं घूं बहुतेक वेळा शिरलेली असते. ती ६० ऐवजी ६१.५ वर दिसली तर टेप अडीच टक्के वेगात आहे हे पक्कं. माइकच्या टेपांत अशी घूं घूं सापडली नाही तर त्याच मैफिलीच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगशी पट्टी जुळवून बघा. जी दुरुस्ती कराल ती शब्दांत लिहून ठेवा.

वाटण्याबद्दल. इंटरनेट अर्काइव्हच योग्य ठिकाण, कारण तिथे वंशावळीची मजकूर फाइल रेकॉर्डिंगसोबत राहते आणि ऐकणाऱ्याकडून कुणी पैसे घेत नाही. तिथली एक मर्यादा माहीत असू द्या. नोव्हेंबर २००५ मध्ये बँडच्या बाजूने या बँडची सगळी डाउनलोड्स बंद करायला लावली गेली, चाहते खवळले, आणि काही दिवसांतच तोडगा निघाला: श्रोत्यांच्या माइकवरची रेकॉर्डिंग्ज उतरवून घेता येतील, साउंडबोर्डची तिथल्या तिथे फक्त ऐकता येतील. मामांची रेकॉर्डिंग्ज पहिल्या प्रकारातली, तेव्हा अडचण नाही. बँडने अधिकृतपणे विकायला काढलेली मैफील चाहते एकमेकांना वाटत नाहीत, तो जुना संकेत तुम्हीही पाळा. अदलाबदलीच्या कॅसेट्सपैकी जी मैफील तिथे नसेल, किंवा असूनही मध्येच तुटलेली असेल, ती जरूर चढवा. ४५ मिनिटांनी कॅसेट उलटताना जे अर्धं मिनिट गळतं, ते भरून काढायला दुसऱ्याची टेप लागते. तुमच्या खोक्यातल्या पाचव्या पिढीच्या एखाद्या कॅसेटमध्ये नेमकं तेच अर्धं मिनिट असू शकेल.

‘फक्त तुझ्यासाठी’ ही कॅसेट यात धरू नका. मामांच्या मित्राने असं का लिहिलं असेल? साउंडबोर्डची टेप असेल तर ती बँडच्या ध्वनी पथकातल्या कुणीतरी विश्वासाने त्याला दिली असेल आणि बाहेर फुटली असती तर त्या माणसावर शेकलं असतं. किंवा नुसती मैत्रीतली खूण असेल. आपण ओळखू शकत नाही, आणि ओळखायची गरजही नाही. मामांनी इतकी वर्षं तो शब्द पाळला. कॅसेट तुमच्याकडे आली तेव्हा तो शब्दही तिच्यासोबत आलाय असं मी मानतो. मामांची जुनी पत्रं, पत्त्यांची वही मामींकडे असेल, तिच्यातून त्या मित्राचा माग काढा. मामा गेल्याचं त्यांना अजून कुणी कळवलं नसेल, तेव्हा पत्राची सुरुवात तिथून करा. कॅसेटचं नंतर विचारा आणि उत्तराची घाई करू नका. टेप डिजिटल करून ठेवायला हरकत नाही, जपणं म्हणजे वाटणं नव्हे. ते नको म्हणाले तर विषय संपला. ते हयात नसतील आणि तीच मैफील आधीच सर्वत्र फिरत असेल तर तो शब्द आता कुणाला राखत नाही, चढवलीत तरी चालेल. पण ती कुठेच नसेल, तर मी ती सार्वजनिक करणार नाही. बँडच्या अधिकृत संग्रहाकडे लिहीन. हरवलेली रीळं अशी परत आलेली आहेत.

कॅसेट्स काम झाल्यावर टाकायच्या नाहीत. मी टाकायला लावल्या, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. उद्या आणखी चांगला डेक मिळेल, आणखी चांगले कान असलेला माणूस मिळेल. उभ्या ठेवा, कोरड्या आणि थंड जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर. चिठ्ठ्या, तिकिटं, पाकिटं वेगळ्या फाइलमध्ये. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१२ पासून या बँडचं दप्तरखाना खुलं आहे, तिथे चाहत्यांनी चित्रं काढून पाठवलेली पाकिटंसुद्धा जपून ठेवली आहेत. तुमच्या घरातल्यांना पुढे जागा पुरली नाही तर अशा ठिकाणी विचारता येईल.

राहिला मामांचा आवाज. कापू नका. श्रोत्यांच्या माइकवरच्या टेपेत माणसं बोलतातच. कुणी शिट्टी मारतं, कुणी पुढच्या गाण्याचं नाव ओरडतं, कुणी मित्राला बॅटरी बदलायला सांगतं. ऐकणाऱ्यांना त्याची सवय असते आणि पुष्कळांना ते हवंही असतं, कारण त्यावरून कळतं की माइक माणसांत उभा होता. पण तो आवाज आधी मामींचा आहे, मग तुमचा, आणि मग जगाचा. कच्ची फाइल तयार झाली की ती घेऊन मामींकडे जा. नुसता तो तुकडा ऐकवू नका, आधीचं गाणं सुरू करा आणि टाळ्या विरून ते बोलू लागतील तिथपर्यंत शेजारी बसून राहा. पलीकडचा आवाज कुणाचा हे मामी कदाचित एका शब्दात सांगतील. तो माणूस हयात असेल तर त्यालाही विचारा.

मामी म्हणाल्या की हे घरातच राहू दे, तर चढवायच्या प्रतीत तेवढे सेकंद शांत करा आणि मजकूर फाइलमध्ये तसं लिहा. कच्ची फाइल अखंड ठेवा. हो म्हणाल्या तर त्या मजकूर फाइलमध्ये तारीख, ठिकाण, माइक, डेक, उतरवण्याची पद्धत, गाण्यांची यादी या सगळ्याच्या खाली एक ओळ मराठीत आणि एक इंग्रजीत घाला: पहिल्या बाजूवर अमुक मिनिटाला रेकॉर्ड करणारे आणि त्यांचे मित्र मराठीत बोलतात. आणि टेपर म्हणून मामांचं नाव, मामी सांगतील तसं.